काळी दोन

वरच्या मजल्यावर तुम्मास पियानो शिकतो
आणि मला ऐकू येतात नुसते ठोके.
हेडफोन त्याच्या कानांवर, सूर सगळे त्याचे.
माझ्या वाट्याला छताच्या फळ्या:
टक्. टकटक्. बराच वेळ काही नाही. टक्.

क्लाक्सविकला नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
मासळीच्या कारखान्यातून मी येते,
बोटं अजून बधिर,
बुटांसकट आडवी होते
आणि वर अभ्यास सुरू होतो.

ऑक्टोबरात तो खाली आला होता,
एका हातात दोन शेपट्यांची वायर, दुसऱ्यात टॅबलेट,
एक चष्मा नाकावर, एक कपाळावर.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं खोललेला माणूस.
"वायरीवर लिहिलंय आत. कीबोर्डच्या पाठीवरही लिहिलंय आत.
आतला आत जोडला.
ॲप म्हणतं, वाद्य सापडलं नाही."

तशीच उठून वर गेले, कामाच्याच कपड्यांत.
त्याआधी ब्लूटूथ लावून बघितला होता म्हणे,
यादीत मिळालं ब्यार्ताचं कानातलं यंत्र,
पाद्रीबुवांचा टीव्ही, माझे स्वतःचे हेडफोन.
अख्खी गल्ली हजर, एक कीबोर्ड सोडून.

उलटं असतं तुम्मास, मी म्हटलं,
ह्याचं बाहेर ते त्याचं आत.
"पंपासारखं," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला.

गोल टोकात पाच पिना.
मी फोनवर वाचून सांगितलं,
पाचातल्या दोन नुसत्याच, त्यांतून काही जात नाही.
"मग ठेवल्यात कशाला?"
माहीत नाही.
"आमच्या बोटीवर पण होते असे दोघं."

आणि हेही वाचलं, की
ह्या वायरीतून सूर जातच नाही.
कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली,
एवढा निरोप फक्त. जोर एकपासून एकशेसत्तावीसपर्यंत.
तो वायर हातात धरून उभा राहिला,
जणू तिचं वजन करतोय.
मी मनात म्हटलं, म्हणजे माझ्या छतासारखीच ही.
तिला पट्टी कळते, मला नाही,
एवढाच काय तो फरक.

पण मग एक कळायला लागली.
सगळ्या मऊ ठोक्यांमध्ये एकच
खिळा ठोकल्यासारखी यायची. ठक्.
गाणं कुठलंही असो, ठक्.
झोपेतून दचकून उठायचे मी.
नाताळ गेला, जानेवारी गेला,
वादळात दोन दिवस फेरी बंद होती,
वीज जाऊन आली, की ठक्.

फेब्रुवारीत स्वतःच आला खाली.
"मधल्या सप्तकातली काळी दोन.
मी दाबतो, ते म्हणतं दाबलीच नाही.
लाल खूण.
हाणली तरच मानतं."
त्याला ह्याची लाज वाटत होती,
मला वाटतं, लाल खुणांची.

स्वयंपाकाच्या टेबलावर कीबोर्ड पालथा घातला.
स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, ओळीनं,
सवय आहे त्याला.
रबराची पट्टी उचलली
आणि खाली, स्पर्श जिथे टेकतो तिथे,
नखाएवढा पारदर्शक तुकडा.
चिमट्यानं दिव्यासमोर धरला त्यानं.

खवला. हॅडकचा.
बोट सोडून त्याला नऊ वर्षं झाली.
त्याचे हात साबणाचा वास मारतात.
माझी बाही मी टेबलाखाली घेतली.

तो काही बोलला नाही. मीही नाही.
खवला त्यानं बशीच्या काठावर ठेवला,
संपर्क पुसला, स्क्रू उलट क्रमानं लावले,
वायर लावली,
बाहेर ते आत, न विचारता.
काळी दोन नुसती टेकवली बोटानं. हिरवी.

आता ॲपची तक्रार नाही.
पण बोटाला कोण सांगणार?
ते अजून चार महिन्यांच्या थंडीत आहे,
अजून मानत नाही की मानलं जाईल.
टक् टकटक् टक्,
आणि मग,
मी वाट बघते,
ठक्.